नाल्याच्या काठाने 18 मीटरचा रस्ता: माझी हरकत रस्त्याला नाही, त्याच्या जागेला आहे

नाल्याकाठी

नागपुरात मानेवाडा-बेसा रस्त्याच्या मागच्या अंगाला आमचं ले-आऊट आहे. गुंठेवारीतलं, म्हणजे मंजुरी नसताना तुकडे पाडून विकलेलं, शहरातल्या अशा 1900 ले-आऊटच्या यादीतलं. वडिलांनी प्लॉट घेतला तेव्हा आजूबाजूला तुरीची शेतं होती. विकास आराखड्यात आमच्या पूर्वेला 12 मीटरचा रस्ता दाखवलेला होता, तो कधी झालाच नाही. आता त्या रस्त्यात फेरबदल सुचवला आहे. रुंदी 18 मीटर करायची आणि रस्ता तिथून उचलून आमच्या घरांच्या मागून, नाल्याच्या काठाने न्यायचा.

फेरबदल एमआरटीपी म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा 1966 च्या कलम 37 खाली आहे. हरकतीला एक महिना असतो, त्यातले अकरा दिवस गेले. ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांना नोटीस बजावावी आणि त्यांचं ऐकून घ्यावं, असं त्याच कलमात लिहिलेलं आहे. आमच्या ओळीत चौदा घरं आहेत. एकाही घरी नोटीस आली नाही. मागच्या कडुनिंबावर कोणीतरी लाल रंगाने आकडा मारून गेलं, तेव्हा विचारपूस केली आणि कळलं.

माझी हरकत काय आहे ते नीट सांगतो. काही वर्षांपूर्वी घरासमोर सिमेंट रोड झाला. आधी रस्त्यावरून आमच्या ओसरीत यायला तीन पायऱ्या चढाव्या लागायच्या. आता एक पायरी उतरावी लागते. 22 आणि 23 सप्टेंबर 2023 च्या मधल्या रात्री अंबाझरी तलाव भरून वाहिला, शहराच्या पश्चिम भागात घरंच्या घरं बुडाली, ते सगळ्यांना आठवत असेल. त्या रात्री आमच्याकडेही पाणी शिरलं, पण नाल्याकडून नाही. नाला काठोकाठ होता, तरी काठातच होता. पाणी आलं समोरच्या रस्त्यावरून. गेटमधून आत, ओसरीतून बैठकीत, बैठकीतून स्वयंपाकघरात. आईला पलंगावर बसवून ठेवली होती आणि तिच्या चपला खोलीत तरंगत होत्या. पहाटे चारच्या सुमारास मी आणि शेजारच्या काकाजींनी सब्बल घेऊन मागच्या कंपाउंडच्या तळाच्या दोन विटा काढल्या. पाणी त्या भोकातून नाल्याकडे धावलं. अर्ध्या तासात घर मोकळं झालं.

ते भोक आजही तसंच ठेवलं आहे. उंदीर-घूस येऊ नये म्हणून जाळी बसवली आहे, एवढंच.

आता मागूनही उंच रस्ता आला तर? समोर रस्ता उंच, मागे रस्ता उंच, मधे आमची चौदा घरं. आमची वाटी होऊन जाईल. या फेरबदलाच्या नकाशावर रस्त्याची रुंदी आहे, लांबी आहे, उंची कुठेही नाही.

पलीकडचा

दादा, तुमचं वाचून वाईट वाटलं, खोटं बोलत नाही. पण मी नाल्याच्या पलीकडच्या ले-आऊटमध्ये राहतो, आणि माझंही ऐकून घ्या.

तुमच्यासमोर सिमेंट रोड उंच झाला. आमच्याकडे अजून मुरूमही धड पडलेला नाही. जून ते ऑक्टोबर काळ्या मातीचा चिखल. मोटारसायकलच्या चाकात आणि मडगार्डमध्ये माती अशी भरते की काडीने कोरून काढल्याशिवाय चाक फिरत नाही. माझी पोरगी चौथीत आहे. ती चप्पल घालून निघते, बूट-मोजे पिशवीत. चौकात किराणा दुकानाच्या नळावर पाय धुते, तिथे बूट घालते आणि मग व्हॅनमध्ये बसते, कारण व्हॅनवाला आत येत नाही. मागच्या ऑगस्टमध्ये माझ्या वडिलांच्या छातीत दुखायला लागलं. ॲम्ब्युलन्स चौकातच थांबली. आम्ही चौघांनी त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवून उचलून नेलं, अंधारात, एकाने मोबाईलचा उजेड धरला होता. वाचले ते देवाची कृपा.

जुन्या 12 मीटरच्या जागेवर आज घरं उभी आहेत. फेरबदल त्याच्यामुळेच आला. ती घरं पाडायची, की मोकळ्या काठाने रस्ता न्यायचा, एवढाच प्रश्न आहे. तुम्ही हरकत घेणार, सुनावणी होणार, तारीख पडणार, आणि आमचे आणखी चार-पाच पावसाळे खुर्चीवर जाणार.

चिंचेखाली

झाडांचं कोणी बोलत नाही म्हणून लिहिते. त्या काठावर कडुनिंब आहेत, करंज आहेत आणि एक जुनी चिंच आहे. मे महिन्यात भाजीचा ठेला, इस्त्रीवाला आणि ऑटोवाले तिच्याखालीच असतात. नागपूरने 47.9 अंश पाहिलेले आहेत, 2013 च्या मे महिन्यात. इथे सावली काही हौसेची गोष्ट नाही.

झाडं तोडायची तर 1975 च्या वृक्ष कायद्याप्रमाणे झाडावर सूचना लावावी लागते, वर्तमानपत्रात द्यावी लागते आणि हरकतीला सात दिवस मिळतात. लाल रंगाचा आकडा म्हणजे सूचना नव्हे. 2021 च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष धरलं जातं. आमच्या गल्लीतल्या आजी सांगतात, त्या लग्न होऊन आल्या तेव्हाही चिंच एवढीच होती. तिचं वय अर्जात लिहा.

प्लॉट रोडमध्ये

माझी गोष्ट दोघांपेक्षा वेगळी आहे. आमचा प्लॉट जुन्या 12 मीटरच्या रस्त्यात गेलेला आहे. सासऱ्यांनी घेतला तेव्हा दलालाने कागदावर पार्क दाखवला होता, रस्ता नाही. आरएल, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं रिलीज लेटर, मिळत नाही, आरएल नाही म्हणून बँक कर्ज देत नाही, विकायला काढला तर गिऱ्हाईक नकाशा बघून परत जातं. रस्ताही करत नाहीत आणि प्लॉटही सोडत नाहीत. सासरे त्याच फायली सांभाळत गेले.

कलम 127 प्रमाणे आराखडा लागू होऊन दहा वर्षं झाली आणि जमीन घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. आम्ही ती नोटीस द्यायच्या तयारीत होतो, तेवढ्यात हा फेरबदल आला. तो मंजूर झाला तर माझा प्लॉट सुटतो. म्हणून मी रस्ता नाल्याकाठी जावा याच बाजूची आहे, आणि ते लपवत नाही. नाल्याकाठच्या दादांचं पाण्याचं म्हणणं मला पटतं. पण त्यांनी 'जुन्याच जागी करा' असं लिहिलं, तर मी त्यांच्या विरोधात अर्ज देणार.

बेसावाला

स्वतःचं घर झालं, समोर सिमेंट रोड झाला, आता दुसऱ्याचा रस्ता अडवायचा. सगळीकडे हेच होऊन राहिलं.

नाल्याकाठी

बेसावाले भाऊ, तुमचं बोलणं लागलं. आम्हीही इथे चिखल तुडवतच राहायला आलो. दिवाळीला फराळाचे डबे डोक्यावर धरून आईने तो नाला ओलांडला आहे, तेव्हा पाइपचा पूलसुद्धा नव्हता. पलीकडच्या पोरीने बूट पिशवीत न्यावेत असं मला कसं वाटेल?

ताई, जुन्या जागी करा असं मी लिहिणार नाही. तिथली घरं पाडून माझं घर कोरडं ठेवायचं नाही मला. माझ्या डोक्यात पांधण होती. महसुली नकाशावर आमच्या उत्तरेला गावापासून शेतापर्यंत जाणारी जुनी पांधण आहे. ती रुंद केली तर नाल्याचा काठही वाचतो आणि कोणाचा प्लॉटही जात नाही.

आणखी एक. आज बांधकामाची परवानगी मागायला गेलं तर नाल्याच्या काठापासून 9 मीटर सोडा म्हणतात, राज्याच्या एकात्मिक बांधकाम नियमावलीत तसं आहे. पाण्याला जागा पाहिजे म्हणूनच ना? मग त्याच पट्ट्यात भराव टाकून रस्ता कसा चालतो?

निवृत्त ओव्हरसियर

मी रस्त्यांच्याच कामात नोकरी काढली, म्हणून थोडं स्पष्ट लिहितो. कोणाला राग आला तर माफ करा.

पांधणीचं विसरा. मी ती पायी फिरलो आहे. तिच्या मधोमध उच्चदाब वाहिनीचे टॉवर आहेत. ते हलवायचे म्हणजे रस्त्यापेक्षा जास्त वर्षं लागतील. 9 मीटरचा नियम घरांच्या बांधकामाला आहे. रस्ता, पूल, नाल्याची भिंत याला त्या नियमाने अडवता येणार नाही, सुनावणीत तो मुद्दा पहिल्याच मिनिटाला पडेल.

नाल्याच्या काठाने रस्ता असणं मुळातच वाईट, असंही नाही. दर उन्हाळ्यात शहरात नाग, पिवळी आणि पोरा नद्यांची सफाई होते, जेसीबी-पोकलेन उतरतात. तुमचा नाला पुढे पोरा नदीला मिळतो, पण त्या नाल्यात मशीन उतरायला वाट कुठे आहे? दोन्हीकडे कंपाउंड वॉल. म्हणून गाळ तसाच राहतो. काठाने रस्ता झाला तर गाळ निघेल, आणि पुराच्या रात्री मदतही पोचेल.

आता तुमच्या बाजूचं. तुम्ही सांगितलेली वाटी खरी आहे, आणि ती मी नोकरीत पुष्कळ ठिकाणी पाहिली. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. रस्ता करताना ती पुरेशी खोल काढून मुरूम भरायचा, दाबायचा, वर खडी, मग काँक्रीट. खोदायचं काम वाचवलं आणि आहे त्या जमिनीवरच थर चढवले की रस्ता दीड-दोन फूट वर येतो आणि लोकांची जोती खाली जातात. रस्ता पाप करत नाही, न खोदणारा करतो.

म्हणून अर्जात झाडं, नोटीस, नियम हे सगळं नंतर लिहा. पहिल्या ओळीत एकच मागा: रस्त्याचा एल-सेक्शन. म्हणजे रस्ता कुठल्या ठिकाणी जमिनीपासून किती उंच असेल तो उभा छेद. तो अजून तयार नसेल, तर तो तयार करून दोन्ही बाजूंच्या घरांच्या जोत्याची लेव्हल त्यावर दाखवल्याशिवाय फेरबदल पुढे पाठवू नये, असं लिहा. दुसरी मागणी: रस्त्याचा माथा तुमच्या मागच्या अंगणापेक्षा खाली, आणि तुमच्या बाजूचं पाणी रस्त्याखालून नाल्यात जाईल असे बॉक्स कल्व्हर्ट, म्हणजे काँक्रीटच्या चौकोनी मोऱ्या. ह्यूम पाइप, म्हणजे सिमेंटचे गोल पाइप, नको म्हणा, लहान पाइप पहिल्याच पावसात प्लॅस्टिकने तुंबतात. कल्व्हर्ट कुठे हवा, तर जिथून पाणी आजही जातं तिथे.

नाल्याकाठी

काकाजी, म्हणजे माझ्या विटा काढलेल्या जागी.

निवृत्त ओव्हरसियर

बरोबर. नाल्याला पुरेशी रुंदी ठेवून रस्ता बसतो का, तेही मोजावं लागेल. 18 मीटर बसवायला नाला आवळला तर माझीही हरकत असेल, मी स्वतः सही करीन. 12 किंवा 15 मीटरमध्ये पलीकडच्यांचं काम भागत असेल तर 18 चा हट्ट कशाला?

पलीकडचा

आम्हाला 18 नको आहे. ॲम्ब्युलन्स, व्हॅन आणि कचरागाडी आली म्हणजे झालं. 18 मीटर आमच्यासाठी नाही, पुढे ज्या नवीन स्कीमा, म्हणजे ले-आऊट, होऊन राहिल्या त्यांच्यासाठी आहे, हे आम्हालाही कळतं.

पण दादा, स्पष्ट सांगतो, माझा अर्ज रस्ता पाहिजे असाच जाणार. आमच्या ले-आऊटच्या साठ-सत्तर सह्या झाल्या आहेत. तुमच्या अर्जात 'रद्द करा' हा शब्द दिसला तर आमची लोकं तुमचं पुढचं पानही वाचणार नाहीत.

चिंचेखाली

रुंदी कमी झाली तर चिंच वाचते. ती काठापासून बरीच आत आहे. मी काल टेप लावून बघितलं.

प्लॉट रोडमध्ये

रुंदी कितीही करा, फेरबदल मात्र अडकवू नका, एवढीच विनंती. आणि ज्यांची जमीन नवीन रस्त्यात जाईल त्यांनी आत्ताच मोबदल्याचं बोलून घ्या. कलम 126 मध्ये पैसे, टीडीआर (जमिनीच्या बदल्यात मिळणारा, दुसऱ्याला विकता येणारा बांधकामाचा हक्क) आणि संपादन असे मार्ग आहेत. टीडीआरचा कागद हातात आला म्हणजे पैसे आले असं नाही, घेणारा बिल्डर शोधावा लागतो. आमच्या नात्यात एकाकडे तो कागद तसाच पडून आहे.

नाल्याकाठी

'रद्द करा' काढून टाकतो. काल रात्री लिहिलेल्या अर्जात तीच पहिली ओळ होती, तिथे आता एल-सेक्शन लिहितो. नोटीस न मिळाल्याचा मुद्दा मात्र सोडणार नाही. चौदा घरांना तोंडदेखतही कोणी विचारलं नाही, ते कागदावर यायलाच पाहिजे.

काकाजी, रविवारी सकाळी येऊ शकाल का? लेव्हलची पाइप मी मिस्त्रीकडून आणून ठेवतो. समोरचा रोड, आमचं जोतं, मागचं अंगण, नाल्याचा काठ, सगळं एकदा मोजून भिंतीवर खुणा करून घेऊ.

निवृत्त ओव्हरसियर

सात वाजता येतो. पाइप पारदर्शक आणा, आणि पाणी भरताना आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका.

पलीकडचा

मीही येतो. आमच्या बाजूच्याही खुणा करा. तुमच्या बाजूने रस्ता खाली घेतला आणि पाणी आमच्याकडे फिरलं, असं व्हायला नको. नाला ओलांडून यायला मला वीस मिनिटं लागतात, सातला पोचायचं तर साडेसहाला निघतो.

नाल्याकाठी

या. मागच्या बाजूने या, जाळीचं भोक तिथूनच दिसतं.