लेहला नेलेली मॉडिफाइड जिप्सी: वेबर कार्बोरेटर पुन्हा कसा सेट करायचा?

प्रश्न (सातारकर, सध्या लेह)
माझी १९९७ ची जिप्सी किंग, १.३ लिटर. हेड घासून कॉम्प्रेशन वाढवलंय, मूळ कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) काढून वेबर कंपनीचा ३२/३६ बसवलाय. सगळं सेटिंग कोल्हापुरात झालं आणि तिथं गाडी झकास पळायची. नोकरीमुळे आता दोन वर्षं लेहलाच मुक्काम. इथं आयडलला थांबत नाही, चढाला दुसऱ्या गिअरमध्ये काळा धूर, प्लग काजळीने भरलेले. खारदुंग खिंडीच्या चढावर तर जीवच काढते. जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारे भोकाचे तुकडे, असे आहेत: मेन जेट प्रायमरीला (पहिल्या नळीला) १४०, सेकंडरीला (दुसऱ्या नळीला) १३५, आयडल जेट ६०. एकाने सांगितलं, एअर फिल्टर काढून टाक. काढू का?

उत्तर (कार्बोरेटरवाला, कोल्हापूर)
भावा, फिल्टरला अजिबात हात लावू नकोस. लडाखची बारीक धूळ आत गेली की रिंगा आणि बोअर खलास. नुसता झटकून साफ कर.

आपलं कोल्हापूर साधारण ५७० मीटरवर, लेह ३,५०० वर. तिथली हवा इथल्यापेक्षा जवळपास पाव हिश्शाने विरळ. हवा घटते त्या मानाने जेटमधून येणारं पेट्रोल घटत नाही, म्हणून मिक्स्चर रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. मेन जेट प्रायमरीला १३०, सेकंडरीला १२५ घाल, आयडल जेट ५५. वेबरचा आकडा म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, १३० म्हणजे १.३० मिमी. जुना जेट ड्रिलने मोठा करता येतो, लहान नाही. त्यामुळे नवे जेटच मागव. फ्लोट लेव्हलला, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या पातळीला, हात लावू नको.

आधी प्लग साफ कर, व्हॉल्व्ह क्लिअरन्स बघ. मग जेट बदल, इंजिन पूर्ण गरम झाल्यावर आयडल मिक्स्चरचा स्क्रू पाव पाव फेऱ्याने फिरवून बघ. टायमिंग (ठिणगी कधी पडायची ते) शेवटी: व्हॅक्यूमची नळी काढून बंद कर, टायमिंग लाइट लाव आणि आत्ता आहे त्यापेक्षा दोन-तीन डिग्री ॲडव्हान्स (लवकर) कर. विरळ हवेतलं मिक्स्चर सावकाश जळतं, त्याला ठिणगी जरा लवकर हवी. हेड घासलंय ते तिथं फायद्याचंच आहे, कारण सिलिंडरमध्ये चार्जच (हवा-पेट्रोलचं मिश्रण) कमी भरतो आणि नॉकिंग (मिश्रण अवेळी भडकून इंजिन ठोकणं) लांब राहतं.

सेटिंग लेहसाठी कर, खारदुंगसाठी नाही. वर साडेपाच हजारांच्या जवळ हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. तिथं गाडी थोडी रिच चालेल, चालू दे. आणि गेलेली ताकद सगळी परत मागू नकोस, हवाच नाही तर ती येणार कुठून!

माझी खरी काळजी तू खाली उतरशील तेव्हाची आहे. हेच लहान जेट, हेच टायमिंग आणि घासलेलं हेड घेऊन जम्मूच्या उन्हात ॲक्सिलरेटर दाबलास, तर मिक्स्चर लीन (पेट्रोल कमी), वर नॉकिंग, आणि पिस्टनला भोक. श्रीनगरला थांबून जुने जेट घाल, टायमिंग मागे घे, मगच पुढे निघ. जुने जेट डब्यात घालून गाडीतच ठेव.

उत्तर (स्टँडअलोन ईसीयूवाला, पुणे)
कार्बोरेटर काढून एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शन) करून ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) बसवलेल्यांसाठी: मॅप सेन्सरवर (इनटेकमधला दाब मोजणाऱ्या सेन्सरवर) ट्यून असेल तर बराचसा फरक तो सांभाळतो. फक्त थ्रॉटल पोझिशनवर (ॲक्सिलरेटर किती दाबलाय त्यावर) ट्यून केलं असेल तर बॅरोमेट्रिक करेक्शन (हवेच्या दाबानुसार दुरुस्ती) लागतंच. काही ईसीयू हवेचा दाब फक्त चावी ऑन करताना वाचतात. लांब घाटात मध्ये थांबून चावी बंद-चालू करावी.

सातारकर
काका, जेट बदलले. धूर गेला, आयडल स्थिर आहे, प्लग बदामी दिसतायत. पण खारदुंगवरून आल्यावर दुपारी गरम गाडी लवकर चालू होत नाही.

कार्बोरेटरवाला, कोल्हापूर
कमी दाबात पेट्रोल लवकर उकळतं, लाइनीत वाफ धरते. पंपापासून कार्बोरेटरपर्यंतची नळी एक्झॉस्टपासून लांब बांध, मध्ये पत्र्याची आड दे. इंजिन बंद करण्याआधी दोन मिनिटं आयडलला चालू दे. रेडिएटरचं झाकणही तपासून घे. त्याचा रबर थकला असेल तर तिथं पाणी लगेच उकळेल.