‘पाळत’ की ‘टेहळणी’? सरकारी नजरेसाठी नेमका शब्द हवा

मंजिरी:
युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या २०२१ च्या निकालावरचा लेख मराठीत करते आहे. ब्रिटिश गुप्तचर यंत्रणा केबलमधून जाणारे संदेश घाऊक प्रमाणात उचलायची आणि मग चाळायची, त्याबद्दलचा हा निकाल. मी सगळीकडे ‘पाळत’ लिहिलं, संपादकांनी ते खोडून ‘टेहळणी’ केलं. टेहळणी म्हटलं की मला बुरुजावरचा पहारेकरी आणि समोर शत्रूची फौज दिसते. सरकार आपल्याच नागरिकांची ‘टेहळणी’ करतं, हे वाक्य तुम्हाला चालतं का?

सुहास:
टेहळणी नकोच. पण पाळतही इथे बसत नाही. पाळत ठरलेल्या माणसावर असते. खरकसिंग खटला (१९६२) बघा. दरोड्याच्या प्रकरणात पुराव्याअभावी सुटलेला माणूस, तरी पोलिसांनी घराभोवती गुप्त पहारा ठेवला, रात्रीबेरात्री दार ठोठावलं, येण्याजाण्याच्या नोंदी केल्या. ही पाळत. सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा रात्रीच्या घरभेटी तेवढ्या रद्द केल्या. घाऊक संकलनात सुरुवातीला संशयित नसतोच, तो साठ्यातून नंतर ‘निघतो’. म्हणजे सगळेच आधीपासून जाळ्यात. एकच शब्द दोन्हीकडे वापरलात, तर हा फरक वाचकापर्यंत पोचणारच नाही.

ग. वि.:
‘निगराणी’ घ्या. रुळलेला शब्द आहे.

शुभदा:
फारसी कशाला? ‘संनिरीक्षण’ करा.

ग. वि.:
संनिरीक्षण कोण बोलतं? आमच्या आजीला निगराणी कळायची.

दीपक:
निगराणीला माझा विरोध आहे, पण फारसी म्हणून नाही. आपली ‘निगा’ फारसीतल्या ‘निगाह’वरून आली. तिकडे नजर, इकडे काळजी. ‘तुमच्या सुरक्षेसाठीच बघतो’ हा सरकारचा दावा त्या शब्दात आयताच येतो. ‘पाळत’ कानाला बोचते, आणि ती बोच मला हवी आहे.

शुभदा:
पण ‘पाळत’ही ‘पाळणे’वरूनच आली असणार. पाळणं म्हणजे सांभाळणंच की!

दीपक:
मूळ काहीही असो. आज कोणी ‘आईने बाळावर पाळत ठेवली’ म्हणत नाही.

नंदन:
शब्दापेक्षा परवानगी कोणाची, हे महत्त्वाचं. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या फोन टॅपिंगच्या निकालाने नियम घातले: आदेश गृहसचिवाचा, मुदत दोन महिने, वाढवली तरी एकूण सहा महिन्यांच्या वर नाही. पण आदेश तपासणाऱ्या समितीतही सचिवच. ऐकणारे सरकारी आणि तपासणारेही सरकारी, याला मर्यादा म्हणायचं? ब्रिटनचं घोडं नेमकं इथेच अडलं. घाऊक संकलनाचा आदेश मंत्री द्यायचे, स्वतंत्र संस्था नव्हे.

सुहास:
आणि मजकूर न ऐकताही पुष्कळ कळतं. अमेरिकी गुप्तचर यंत्रणेची गुपितं फोडणाऱ्या एडवर्ड स्नोडेनच्या २०१३ च्या कागदांतून दिसलं की अमेरिकी यंत्रणा लोकांच्या कॉलचे तपशील गोळा करत होती: कोणी, कोणाला, कधी, किती वेळ. रात्री दोनला डॉक्टरला आणि लगेच वकिलाला फोन गेला, तर संभाषण ऐकायची गरज काय?

मंजिरी:
हे सगळं लेखात आहेच हो. मला शब्द हवाय. ‘सरसकट पाळत’ चालेल?

सुहास:
‘सरसकट’ने ‘पाळत’चाच अर्थ पुसला जातो.

दीपक:
उलट! न बसणारे दोन शब्द शेजारी आल्यावरच वाचक थबकेल. तेच लिहा.

शुभदा:
आणि ज्याच्यावर घाला पडतो त्या ‘प्रायव्हसी’ला काय म्हणणार? २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी तो मूलभूत हक्क ठरवला, पण बातम्यांत अजून ‘गोपनीयता’च. गोपनीय असतात कागद. माणसाला ‘खासगीपणा’ लागतो.

ग. वि.:
‘खासगी’ कुठला शब्द, शुभदाताई?

शुभदा:
खास अरबीतून आलाय, माहीत आहे मला. पण गोपनीयता म्हटलं की ‘लपवण्यासारखं आहे तरी काय?’ हा प्रश्न लगेच येतो. आंघोळीला दार लावणारा माणूस काही लपवत नसतो.

नंदन:
मग ‘एकांत’ का नको?

शुभदा:
एकांत एकट्याचा. दोघांमधल्या पत्राला एकांत कसा म्हणणार?