पोलिओचे दोन थेंब मुकाट घेतात, मग सुईलाच का नाही म्हणतात?

गोवंडीवाला: २०२२ च्या शेवटी मुंबईत आमच्या गोवंडीत गोवराची साथ आली, मुलं दगावली. "तिथले लोकच अडाणी" हे तेव्हा फार ऐकलं. मी शिवाजीनगरात घरोघर फिरत होतो. एका खोलीत जरीकाम चाललेलं. बाई मान वर न करता म्हणाली, "पाच रोगांवरच्या त्या पेंटाच्या सुईनंतर दोन दिवस ताप. पोर मांडीवर, काम पडून, पैसे बुडाले. तेव्हा आलात का कुणी विचारायला?" लसीच्या कार्डावर सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्याच्या नोंदी होत्या; नवव्या महिन्याचा गोवर-रुबेलाचा रकाना कोरा. सुईच्या दुसऱ्या दिवशी दारात येणारी आशाताई दहा पोस्टरांना भारी आहे.

दादरचे काका: गोवर तुमच्या गृहभेटी संपायची वाट बघत नाही. लस नसलेल्या वस्तीत एका रुग्णाकडून १२ ते १८ जणांना लागण होते. साथ रोखायची तर ९५ टक्के मुलांना दोन्ही डोस हवेत. बालवाडीच्या प्रवेशाला कार्ड सक्तीचं करा, विषय संपला.

भायखळा_लोकल: नऊ महिन्यांच्या बाळाचा कुठला प्रवेश अडवणार, काका? आणि सक्ती या शहराने बघितली आहे. १८९७ च्या प्लेगात घराघरात झडत्या झाल्या, तर लोक रुग्ण लपवायला लागले. प्लेगची लस बनवणाऱ्या हाफकिनने आधी स्वतःला लस टोचून घेतली. इस्माइली खोजांचे धर्मगुरू आगा खान यांनी चारचौघांत टोचून घेतली, कारण त्यांचे अनुयायी बिचकत होते.

दादरचे काका: आगा खान काय गल्लोगल्ली मिळतात? बरं, आमच्या टॉवरचं बोला. मुलीला कर्करोग टाळणारी एचपीव्हीची लस म्हटलं की "एवढ्यात कशाला?" तिथे कुणाचा रोज बुडतो?

गोवंडीवाला: हा मुद्दा मान्य. याला माझ्याकडे उत्तर नाही.

रुईया_कट्टा: माझी आई त्यातलीच. "पुढे मूल होणार नाही" असा मेसेज तिला मावशीकडून आला, मावशीला कुठून आला देव जाणे. ती लस गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी आहे हे मला कॉलेजात कळलं. पंधराच्या आत दोन डोसांत भागलं असतं, आता तीन. घरात वर्षभर चर्चा झाली, मला मात्र कुणी काही विचारलं नाही.

गोवंडीवाला: काका, तुमच्या टॉवरमध्ये रविवारी बैठक लावता? नर्सताईंना मी आणतो, मुलींनाही बसवा.

दादरचे काका: लावतो. पण सोसायटीच्या हॉलचं भाडं कोण भरणार, ते आधी ठरवा.