मदत हवी आहे : 'किलर्स ऑफ द फ्लॉवर मून' पाहण्याआधी ज्येष्ठ प्रेक्षकांना काय आणि किती सांगावे?

नमस्कार मंडळी,

दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसी यांचा 'किलर्स ऑफ द फ्लॉवर मून' हा चित्रपट २७ ऑक्टोबर २०२३ला भारतात प्रदर्शित होत आहे आणि गोव्यात फोंड्यातील आमच्या वाचन मंडळाने तो पणजीला जाऊन एकत्र पाहायचे ठरवले आहे. सभासद बहुतेक साठीच्या पुढचे, मराठी वाचनात मुरलेले आणि नाटकांचे दर्दी आहेत. अमेरिकेच्या इतिहासाशी मात्र त्यांचा संबंध शाळेतल्या धड्यांपलीकडे फारसा आलेला नाही. त्यांच्यासाठी दोन पानांचे मराठी टिपण तयार करण्याचे काम माझ्याकडे आले असून ते दसऱ्यापर्यंत हातावेगळे व्हायला हवे, कारण नवरात्रात निम्मी मंडळी देवळातल्या मखरोत्सवात (देवाला सजवलेल्या मखरात बसवून झुलवण्याच्या उत्सवात) गुंतलेली असतात आणि दसरा सरला की चित्रपट तीन दिवसांवर येतो.

अडचण अशी आहे की या टिपणात काय सांगावे आणि काय राखून ठेवावे, याचा मला निर्णय करता येत नाही. गुन्ह्याच्या कथेत गुन्हेगाराचे नाव आधी फोडू नये, हा संकेत मलाही मान्य आहे. पण इथे अमेरिकेतल्या ओसेज लोकांच्या खुनांचे हे प्रकरण खरे घडलेले आहे आणि दोषी कोण हे न्यायालयाने १९२०च्या दशकातच ठरवलेले आहे. ज्यांना चित्रपटाआधी काहीही जाणून घ्यायचे नसेल, त्यांनी यापुढे वाचू नये ही विनंती.

ओसेज ही मूळ अमेरिकी जमात. कॅन्ससमधून हुसकावले गेल्यावर त्यांनी १८७०च्या दशकात आजच्या ओक्लाहोमातला एक खडकाळ मुलूख स्वतःच्या पैशाने विकत घेतला. ही जमीन नांगराखाली येण्यासारखी नाही, तेव्हा गोरे लोक इथे तरी आपल्याला सुखाने राहू देतील, असा त्यांचा हिशेब होता. पुढे त्याच जमिनीखाली तेल निघाले. १९०६च्या कायद्याने वरची जमीन माणशी वाटून दिली, पण खालचे खनिज जमातीच्या सामाईक मालकीचे राहिले आणि नोंदवहीत नाव असलेल्या २,२२९ जणांना त्याच्या उत्पन्नात एकेक हिस्सा मिळाला. हा हिस्सा बाजारात विकता येत नसे. तो वारशानेच मिळे. १९२३ या एका वर्षात जमातीला तीन कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न झाले, यावरून हिश्श्याचे मोल लक्षात यावे.

गोव्यातल्या वाचकाला ही व्यवस्था समजावणे खरे तर जड जाऊ नये. डिचोली-सांग्याच्या खाणपट्ट्यातल्या माणसाला जमीन एकाची आणि तिच्याखालच्या खनिजाचा हक्क दुसऱ्याचा, हे नव्याने सांगावे लागत नाही. आणि ज्यांच्या घरात कोमुनिदादचे (गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेचे) झोण, म्हणजे तिच्या उत्पन्नातला वाटा, पिढ्यान्‌पिढ्या येत आले आहे, त्यांना सामाईक मालमत्तेतला वंशपरंपरागत वाटा म्हणजे काय हे माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. फरक एकच आहे आणि माझ्या मते सारे प्रकरण त्या एका फरकावर उभे आहे. झोणाचा हक्क परंपरेने पुरुष वंशाकडे चालत जातो, लेकीबरोबर तो दुसऱ्या घरात जात नाही. ओसेज हिस्सा मात्र मुलीलाही मिळे आणि ती वारली तर तो तिच्या गोऱ्या नवऱ्याकडेही जाऊ शके. थोडक्यात, बाहेरून आलेला जावई हा वारसदार होता.

मॉली काइल या ओसेज स्त्रीने १९१७ साली अर्नेस्ट बर्कहार्ट या गोऱ्या तरुणाशी लग्न केले. पुढच्याच वर्षी तिची बहीण मिनी हिला कसल्याशा झिजवणाऱ्या आजाराने मृत्यू आला. मे १९२१मध्ये दुसरी बहीण अॅना हिचे प्रेत एका घळीत सापडले. तिच्या डोक्यात मागून गोळी झाडलेली होती. त्यानंतर दोन महिन्यांत आई गेली. मार्च १९२३मध्ये तिसरी बहीण रीटा हिचे राहते घर नायट्रोग्लिसरीनच्या स्फोटाने उडवण्यात आले. त्यात रीटा आणि घरातली मोलकरीण जागीच ठार झाल्या आणि रीटाचा नवरा काही दिवसांनी इस्पितळात वारला. एकेक मृत्यूबरोबर कुटुंबातले हिस्से मॉलीकडे एकवटत गेले. मॉली स्वतः मधुमेहाने आजारी होती, आणि तिला औषधाच्या नावाखाली विष दिले जात असावे असा संशय पुढे तपास करणाऱ्यांना आला. अर्नेस्टचा मामा विल्यम हेल हा गुरांचा मोठा व्यापारी, ओसेज लोकांचा मित्र म्हणवणारा आणि पंचक्रोशीत वजन असलेला गृहस्थ. कटाच्या केंद्रस्थानी तोच होता.

हे सारे टिपणात लिहिले तर पाहायला उरले काय, असे आमच्यातले दोन सभासद म्हणतात. त्यांचे म्हणणे मला उडवून लावता येत नाही, पण पटतही नाही. डेव्हिड ग्रॅन यांच्या २०१७ सालच्या ज्या पुस्तकावर हा चित्रपट आधारलेला आहे, त्याचे तीन भाग आहेत : पहिला मॉलीभोवती फिरतो, दुसरा १९२५ साली पुढे एफबीआय म्हटल्या गेलेल्या तपास यंत्रणेचे प्रमुख जे. एडगर हूव्हर यांनी पाठवलेल्या टॉम व्हाइट या अधिकाऱ्याच्या तपासाभोवती, आणि तिसऱ्यात लेखक स्वतः जुनी कागदपत्रे धुंडाळत जातो आणि एका हेलपुरते हे प्रकरण मर्यादित नव्हते असे दाखवून देतो. चित्रपटाची पहिली संहिता तपासाच्या बाजूने लिहिली गेली होती आणि लिओनार्डो डिकॅप्रिओ त्यात व्हाइटची भूमिका करणार होते. पुढे स्कॉर्सेसी आणि पटकथाकार एरिक रॉथ यांनी ती मोडून नव्याने बांधली. आता डिकॅप्रिओ अर्नेस्टच्या भूमिकेत आहेत, हेल रॉबर्ट डी नीरो साकारत आहेत, मॉली लिली ग्लॅडस्टोन आणि व्हाइट जेसी प्लेमन्स. म्हणजे गुन्हेगार कोण, या प्रश्नावर चित्रपट उभाच केलेला नाही, असे मला यावरून वाटते. ज्या नवऱ्याचे बायकोवर प्रेमही आहे आणि जो तिच्या माहेरच्या माणसांच्या हत्यांत सामीलही आहे, त्या माणसाच्या घरात आपल्याला बसवले जाणार आहे.

माझी उत्सुकता खरी याच कारणाने वाढली आहे. या प्रकरणावर हॉलिवूडने १९५९ साली 'द एफबीआय स्टोरी' या चित्रपटात एक प्रसंगमालिका केली होती. तिथे हे खून म्हणजे तपास यंत्रणेच्या यशाचा एक अध्याय होता. स्कॉर्सेसी यांनी मात्र आजवर गुन्हेगारी जग नेहमी आतल्या माणसाच्या बाजूने दाखवलेले आहे. १७ नोव्हेंबर २०२३ला ते ८१ वर्षांचे होतील. या वयात, तयार संहिता बाजूला ठेवून, ओसेज लोकांशी बोलून चित्रपटाची दिशाच बदलणारा दिग्दर्शक मला तरी विरळा वाटतो. (२०१६च्या 'सायलेन्स'मध्ये त्यांनी जपानमधले पोर्तुगीज जेझुइट पाद्री दाखवले, तेव्हा आमच्या मंडळात जी चर्चा रंगली होती ती अजून पुरती मिटलेली नाही.)

तेव्हा जाणकारांनी मला सांगावे की टिपणात हेल आणि अर्नेस्ट यांची नावे घ्यावीत, की वारसाहक्काचा कायदा तेवढा समजावून थांबावे? पुस्तक इंग्रजी वाचणाऱ्या सभासदांनी आधी वाचावे की नंतर? शिवाय एक व्यावहारिक शंका आहे. चित्रपट २०६ मिनिटांचा आहे; मध्यंतर धरले तर पावणेचार तास सहज होतील. संध्याकाळचा खेळ घेतला तर फोंड्याला परतायला बस मिळणार नाही, आणि सकाळच्या खेळाला सभासदांचे जेवणाचे आणि औषधांचे वेळापत्रक आड येते. इफ्फीच्या (गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या) दिवसांत एकामागून एक चित्रपट पाहिलेल्यांना अशा लांबीचा सराव असेल. त्यांचा सल्ला हवा आहे.

प्रतिसाद (मडगावहून)

आपले टिपण योग्य दिशेने चालले आहे, परंतु त्यात एक मोठी गोष्ट राहिली आहे. मी वकिली करतो, म्हणून कदाचित माझे लक्ष आधी तिकडे गेले. ओसेज माणसाच्या नावावर हिस्सा असला तरी तो पैसा त्याच्या हातात असेलच असे नव्हते. शुद्ध ओसेज रक्ताच्या प्रौढ माणसाला कायदा बहुधा स्वतःचा व्यवहार पाहण्यास अपात्र ठरवी आणि त्याच्यावर पालक नेमला जाई. हे पालक गावातलेच गोरे व्यापारी, वकील, बँकवाले. स्वतःच्याच पैशातून दंतमंजन घ्यायचे तरी त्यांची संमती लागे, आणि पालकाचेच दुकान असले तर माल कोणत्या भावाने गळ्यात मारला जाई हे सांगायला नको. मॉलीलाही पालक होता. खून हा या लुटीचा शेवटचा टप्पा होता. आधीचे टप्पे कायद्याच्या चौकटीत बसत होते. १९२५ साली अमेरिकी काँग्रेसने कायदा करून, निम्मे किंवा अधिक ओसेज रक्त असलेल्यांचा हिस्सा बाहेरच्यांना वारशाने मिळण्यास बंदी घातली; खुनांमागचे कारण काय होते, याची ही कबुलीच म्हणायची. हे दोन परिच्छेदांत मांडा आणि नावांची चिंता सोडा.

पुस्तकाचा पहिला भाग आधी वाचावा आणि बाकीचे चित्रपटानंतर, असे मी सुचवीन. पणजीत पाटो येथील मध्यवर्ती ग्रंथालयात एकदा चौकशी करून पाहावी.

प्रतिसाद (लंडनहून, मूळ गाव पेडणे)

इथे चित्रपट शुक्रवारी, २० तारखेला लागला आणि मी तो पाहून आलो. शेवटाबद्दल काही लिहीत नाही. पण आपल्या मुख्य प्रश्नाचे उत्तर देता येईल : हेलचा डाव प्रेक्षकापासून लपवून ठेवलेला नाही. हेल आपल्या भाच्याला लग्नाबद्दल काय सुचवतो, हे आपण सुरुवातीलाच ऐकतो. त्यामुळे नावे लिहिल्याने कोणाचाही रसभंग होणार नाही. उलट नाती आधी माहीत नसतील तर पहिल्या तासात कोण कोणाची बहीण आणि कोण कोणाचा जावई, यातच सभासद अडकतील. टिपणात काइल घराण्याची छोटी वंशावळ जरूर द्या. ओसेज भाषेतल्या सगळ्याच संवादांखाली इंग्रजी ओळी येत नाहीत, हेही आधी सांगून ठेवा, नाहीतर कोणी तरी बिघाड समजून उठेल.

लांबीबद्दल म्हणाल तर मला ती जाणवली, जाचली नाही. दुपारी एकच्या आसपासचा खेळ मिळाला तर जेवून निघता येईल आणि बस चुकणार नाही.

धागाकर्त्याचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. वंशावळीची सूचना फार उपयोगी आहे. ती मी एका स्वतंत्र कागदावर मोठ्या अक्षरांत काढतो, म्हणजे चष्मा न लावताही दिसेल. पालक नेमण्याच्या पद्धतीला आता टिपणात जवळजवळ अर्धे पान देतो आहे आणि स्फोटाचे वर्णन एका ओळीवर आणले आहे. मडगावच्या वकीलसाहेबांना एक विनंती : १९०६ आणि १९२५ या दोन्ही कायद्यांबद्दलचा मजकूर रविवारी रात्री इथे देतो, तो एकदा नजरेखालून घालावा आणि कोमुनिदादशी केलेली तुलना कायद्याच्या दृष्टीने कुठे चुकत असेल तर स्पष्ट सांगावे, कारण आमच्या सभासदांत तीन गावकरी (कोमुनिदादचे वंशपरंपरागत हिस्सेदार) आहेत आणि ते त्या परिच्छेदावर मला सहजासहजी सोडणार नाहीत.