मदत हवी आहे : धडगावच्या (जि. नंदुरबार) पाड्यांवर ऑनलाइन डॉक्टरी सल्ला, भाषा पावरी (तिथली आदिवासी बोली)

आशाताईंच्या (गावातल्या आरोग्य कार्यकर्तीच्या) मोबाईलवरून पेशंटला डॉक्टरांशी जोडतो. रेंज फक्त टेकडीवर. ओटीपी आणि कॉल दोन्ही तिथेच मिळतात, म्हणून पेशंटलाच वर न्यावं लागतं. आठव्या-नवव्या महिन्यातल्या बाईला चढवायचं कसं?

करून पाहिलं: व्हिडिओ बंद, नुसता आवाज (हा टिकतो). बीपी, ताप, हिमोग्लोबिन आधीच कागदावर. जखमेचा फोटो उजेडात, शेजारी मापाला रुपयाचं नाणं, 200 केबीच्या आत. मात्र 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पहिल्या सल्ल्यात काही औषधांना व्हिडिओच लागतो, तिथे अडतं.

खरी अडचण भाषेची. पेशंट पावरी, डॉक्टर मराठी-हिंदी. दुभाषी आशाताई त्याच पाड्याची, म्हणून अंगावरून पांढरं जाणं, पाळी यावर बायका तोंडच उघडत नाहीत. नवरा दुभाषी झाला तर विचारूच नका. चित्रांच्या तक्त्यावरून कुठे दुखतं ते कळतं, किती दिवसांपासून ते नाही.

दुसऱ्या गावची पावरी जाणणारी बाई फोनवर तिसरी जोडून कुणी सल्ला चालवलाय का? स्मार्टफोन एकच आहे. अशा वेळी पेशंटची संमती कधी आणि कोणत्या शब्दांत घेता?