कोल्हापुरी चपलांच्या शॉर्ट्स-रील्सचा डेटा कसा गोळा करायचा? (एमए डेझर्टेशन)

रंकाळा_कट्टा
मंडळी जरा मदत पाहिजे. मी मास कॉमला आहे, एमए सेकंड इयर, इथंच कोल्हापुरात. विषय घेतलाय चपलांच्या छोट्या व्हिडिओंचा. म्हणजे जून २०२५ ला इटलीच्या प्राडा या फॅशन ब्रँडनं मिलानच्या शोमध्ये आपल्यागत चप्पल रॅम्पवर आणली, सुरुवातीला कोल्हापूरचं नावपण घेतलं नाही आणि मग जो दंगा उसळला, त्यानंतरच्या शॉर्ट्स आणि रील्समध्ये नक्की दाखवलंय काय? कारागीर दिसतोय, दुकान दिसतंय, का नुसता कॅमेऱ्याकडं बघून राग काढलाय? गाईड म्हणतायत ५,००० व्हिडिओ तरी घे. पायथन जेमतेम येतं. ‘कोल्हापुरी’ सर्च मारलं की निम्मं चिकन, साज आणि ठेचाच येतोय 😅 मित्रानं एक टूल दिलंय, त्यात इन्स्टाचा पासवर्ड टाकला की रील्स आपोआप उतरतात म्हणे, ते वापरू का? शिवाय व्ह्यूज कंपेअर करून कुठला व्हिडिओ चालला ते सांगायचंय आणि कमेंट्सचा सेंटिमेंट (राग का कौतुक ते) काढायचाय. मार्चच्या आत सबमिशन आहे.

कोडवाला_राजारामपुरी
भावा पहिलं ते पासवर्डचं टूल उडव. अकाउंट ब्लॉक होईल ते होईलच, पण व्हायवाला एक्स्टर्नलनं विचारलं डेटा कुठनं आणला तर सांगणार काय.

सरळ यूट्यूब घे. त्याचा डेटा एपीआय व्ही३ (कोडमधनं यूट्यूबकडं माहिती मागायची अधिकृत सोय) फुकट आहे, दिवसाला १०,००० युनिटचा कोटा मिळतो. त्यात एक सर्च १०० युनिट खातो, म्हणजे दिवसाला १०० सर्च, एका सर्चला जास्तीत जास्त ५० व्हिडिओ. उलट आयडी हातात असला की ५० व्हिडिओंची माहिती एका युनिटात येते, म्हणून सर्च जपून वापर आणि आयडी आले की लगेच सेव्ह करून ठेव. कोटा अमेरिकेतल्या पॅसिफिक टाइमच्या मध्यरात्री रिसेट होतो, आपल्याकडं दुपारी साडेबाराला, थंडीत दीडला, तेव्हा रात्री बारापर्यंत जागत बसू नकोस. एकाच सर्चवर पानं उलटत गेलास तर काही शे व्हिडिओंनंतर आटतंय, त्यापेक्षा publishedAfter / publishedBefore (कधीपासून, कधीपर्यंत) या दोन तारखा लावून एकेक आठवडा वेगळा काढ. तारखा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) येतात, साडेपाच तास मिळव, नाहीतर पहाटेचा व्हिडिओ आदल्या दिवसात जाऊन बसतो.

रीजन कोडला इंडिया टाकला म्हणजे भारतात बनलेले व्हिडिओ येतात असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही, भारतात जे बघता येतात ते येतात, म्हणजे जवळपास सगळेच. मराठी भाषा टाकली तरी ती नुसती शिफारस, हिंदी येणारच. आणि चिकन-साजचं काय करायचं तर शब्द बदल, चप्पल, चपला, पायताण, कापशी (हा चपलेचाच प्रकार), आणि हेच रोमनमध्ये लोक चार-चार स्पेलिंगनी लिहितात ते सगळं घे, मग डुप्लिकेट काढून टाक.

आता शॉर्ट ओळखायचा कसा हा खरा राडा आहे. एपीआयमध्ये ‘हा शॉर्ट आहे’ असा रकानाच नाही. ‘शॉर्ट ड्युरेशन’ फिल्टर आहे पण तो ४ मिनिटांच्या आतलं सगळं देतो. शॉर्ट्सची मर्यादा आधी ६० सेकंद होती, १५ ऑक्टोबर २०२४ पासून ३ मिनिटं झाली. शंका आली की लिंकमध्ये शॉर्ट्स शब्द घालून आयडी टाकून बघायचा, साधा व्हिडिओ असला तर नेहमीच्या पानावर परत पाठवतंय.

व्ह्यूजचं नीट ऐक. ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट नुसता सुरू झाला किंवा रिप्ले झाला तरी व्ह्यू मोजतात, बघितलाच पाहिजे अशी अट नाही. तुझे सगळे व्हिडिओ जूननंतरचे असतील तर एकाच मापानं मोजलेत, चाललं. पण ‘वादाच्या आधी आणि नंतर’ असं २०२४ शी कंपेअर केलंस तर फसशील, कारण वाढ वादामुळं का मोजणीमुळं ते कळणारच नाही. आकडे कुठल्या दिवशी ओढले तो रकाना ठेव. आणि सरासरी देऊ नकोस मर्दा, एक व्हिडिओ लाखांत जातो आणि बाकीचे शंभर-दोनशेवर लोळत पडलेले असतात, मीडियन दे, म्हणजे आकडे क्रमानं लावून बरोबर मधला.

कटवाली_मिसळ
इन्स्टाचं काहीच होणार नाही का मग? रील्स तर तिकडंच जास्त असतात. टिकटॉक असतं तर मजा आली असती 😄

कोडवाला_राजारामपुरी
टिकटॉक २०२० च्या जूनमध्येच गेलं की. इन्स्टाला अधिकृत हॅशटॅग सर्च आहे, प्रोफेशनल अकाउंट लागतं, ७ दिवसांत ३० हॅशटॅग, आणि ताजं म्हणून जे देतात ते गेल्या २४ तासांचंच, त्यामुळं जून २०२५ चं आत्ता हाताला लागत नाही. क्राउडटँगल हे मेटाचं पोस्ट शोधायचं टूल होतं, ते ऑगस्ट २०२४ ला बंद केलं. आता संशोधकांसाठी मेटा कंटेंट लायब्ररी आहे पण तिथं संस्थेच्या नावानं अर्ज आणि तपासणी, मार्चच्या आत कशाला नादाला लागतोस.

पायताण_सुभाषनगर
मला कोडिंग कळत नाही पण हे व्हिडिओ आमच्या घरात रोज बघतात म्हणून लिहितो, घरचा धंदाच चपलांचा. तुम्ही ‘कारागीर दिसतो का’ एवढंच मोजणार असाल तर अर्धं सुटेल. कुणाचे हात दिसतात ते मोजा. वेणी घालायचं बारीक काम बऱ्याच घरांत बायकाच करतात, पण व्हिडिओत बघा, त्यांची बोटं दिसतात आणि बोलायला मात्र गादीवर बसलेला पुरुष. दुसरं, तळाला शिलाई कशाची आहे ते दिसतं का बघा, चामड्याची वादी आहे का खिळा-दोरा. साल-हिरड्यात कमावलेलं चामडं आणि रेक्झिन नीट बघितलं तर व्हिडिओत पण ओळखू येतं, आणि ‘अस्सल’ म्हणून ओरडणाऱ्या कितीतरी रील्समध्ये हातात रेक्झिनच असतं. तिसरं आवाज. चालताना करकर वाजते ती ऐकवतात का वरनं गाणं लावून मारून टाकतात. आणि एक, जीआय (भौगोलिक मानांकन) २०१९ ला मिळाला तो नुसत्या कोल्हापूरला नाही, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे पण त्यात आहेत. अथणीकडचे कारागीर कन्नडमध्ये व्हिडिओ टाकतात, ते तुमच्या मराठी शब्दांत सापडणारच नाहीत.

रंकाळा_कट्टा
काका हे लई भारी सांगितलंत, हातांचं डोक्यातच नव्हतं. पण हे सगळं ५,००० व्हिडिओंत बघायचं म्हणजे माझं वर्ष जाईल की.

शाहूपुरीची_मॅडम
५,००० चा हट्ट सोड, मी स्वतः गाईड आहे म्हणून सांगते. मेटाडेटा (शीर्षक, तारीख, व्ह्यूज वगैरे) पाहिजे तेवढ्यांचा ठेव, पण डोळ्यांनी बघायला त्यातले आठवड्यावार रँडम काढलेले ३०० पुरे. सर्चनं वर दाखवलेले पहिले ३०० घेऊ नकोस, ती यूट्यूबची आवड झाली. काकांनी सांगितलेलं सगळं कोडबुकात (काय काय तपासायचं त्या यादीत) लिही, प्रत्येक मुद्द्याला हो / नाही / दिसत नाही. ‘दिसत नाही’ हा पर्याय मुलं विसरतात आणि मग सगळं ‘नाही’त जातं. त्यातले ५०-६० मैत्रिणीला किंवा मित्राला तुझी उत्तरं न दाखवता बघायला दे आणि कोहेनचा कॅपा (Cohen's kappa, दोघांची उत्तरं किती जुळतात तो आकडा) काढ. रेक्झिनवर दोघांचं जुळणार नाही बघ, तिथं काकांसारख्या माणसाला एक दिवस सोबत बसव.

सेंटिमेंटचं म्हणशील तर पुण्याच्या एल३क्यूब (L3Cube) या संशोधन गटाची मराठी भाषेची एआय मॉडेल्स फुकट आहेत, मराठी-इंग्रजी मिसळलेल्या मजकुरावर शिकवलेली पण आहेत. तरी आपल्या कमेंटला ती गंडतात. रागाच्या व्हिडिओखाली कुणी ‘नाद खुळा, आमचंच पायताण आम्हाला विकणार’ लिहिलं तर मशीन त्याला कौतुक समजू शकतं. आधी २०० कमेंट हातानं लाव, मग मशीनचं किती जुळतं तो आकडा डेझर्टेशनमध्ये दे. कमी आला तरी दे.

कमेंट करणाऱ्यांची नावं, फोटो छापू नकोस. सार्वजनिक आहे म्हणून कायद्यात कदाचित सूट मिळेल, पण गल्लीतल्या माणसाची कमेंट जशीच्या तशी छापलीस तर सर्च करून दोन मिनिटांत सापडतो तो. शब्द थोडे फिरवून लिही. लहान पोरं दिसतात त्या व्हिडिओंचे स्क्रीनशॉट तर अजिबातच नको.

रंकाळा_कट्टा
ठीक आहे मॅडम, ३०० चं गाईडना पटवतो. काका, एखाद्या रविवारी सुभाषनगरात आलो तर चालेल का, लॅपटॉप घेऊन?

पायताण_सुभाषनगर
रविवारी गिऱ्हाईक असतं. सोमवारी दुपारी या. आईला पण बसवू, वेणीतलं तिलाच जास्त कळतंय.