मदत हवी आहे : जुन्या ट्रॅक्टरचे मधले दोन सिलिंडर फायरिंग करत नाहीत
नमस्कार. मोहोळजवळील आमच्या शेतावरील चार सिलिंडरचा जुना डिझेल ट्रॅक्टर सुरू होतो. परंतु इंजिन मिसिंग करते (अडखळत चालते) आणि डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर सोडते. स्लो स्पीडवर नोझलच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाच्या) पाइपचे नट एकेक करून सैल केले असता (धार कातडीत घुसू शकते, म्हणून बोटे दूर ठेवूनच), पहिल्या व चौथ्या सिलिंडरला इंजिनचा आवाज लगेच बसतो, दुसऱ्या व तिसऱ्याला मात्र काहीच फरक पडत नाही. मॅनिफोल्डवर (धूर बाहेर नेणाऱ्या नळीवर) या दोघांपाशी शिंपडलेले पाणी नुसते ओघळते, कडेला ते चर्र करून उडते. नटापाशी डिझेल येते, एअर काढली आहे, टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची) गॅप बरोबर आहे, आणि नोझलची अदलाबदल केल्यावरही दोष त्याच सिलिंडरांत राहिला.

मिस्त्री डिझेल पंप सोलापूरला कॅलिब्रेशनसाठी (डिझेलचे माप तपासून जुळवण्यासाठी) पाठवा म्हणतात. शेजारचेच दोन सिलिंडर एकदम बंद असल्याने मला मात्र त्यांच्यामधील हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक व वरचे हेड यांमधील सील) उडाल्याची शंका येते. हेड न उतरवता याची खात्री कशी करावी? दोघांचे कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब) सारखेच कमी भरले, तर तेवढा पुरावा पुरेसा मानावा का, की पंपातले डिलिव्हरी व्हॉल्व्हही (प्रत्येक नोझलकडे डिझेल सोडणारे) तपासावेत? रब्बी ज्वारीची पेरणी तोंडावर आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.